औंदाची सीतादही

१७ ऑक्टोबर २०२४

मागच्या पडवीत घोंगडीवर आम्ही दोघी. मी नवी सून, लग्नाला वर्षही नाही झालेलं. समोर मोठ्याबाई, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊ प्रयागबाई, सागरगोटे उडवताहेत. पाचही वर, पाचही परत मुठीत. मी माझं कॉन्व्हेंटमधलं इंग्रजी रीडर मोठ्यानं वाचते आहे. त्यांना एक अक्षर कळत नाही. तरी म्हणतात, "वाच व लक्ष्मे, थांबू नको. पाखरं बोलल्यावानी वाटते."

तीन दिवस आम्हाला कोणी शिवायचं नाही. ना चूल, ना पाणी, ना वावर. सासूबाई लांबूनच ताटं सरकवायच्या. मी या घरात आले आणि दोन-तीन महिन्यांतच माझे दिवस मोठ्याबाईंच्या दिवसांना जाऊन मिळाले, ओढा पैनगंगेला मिळतो तसे. कसे मिळाले, देव जाणे! मग स्वैपाकाला घरात सासूबाईंशिवाय बाईच उरायची नाही. सासूबाई अंगणातून ओरडायच्या, "दोघीबी एकदमच बाहेर! आता मी काय करू व माय!" आणि आम्ही तोंडात पदर कोंबून हसायचो.

आमची सुट्टी होती ती. जगातली सगळ्यात चांगली.

आज दुपारी गहू निवडताना हे सगळं समोर आलं. उगीच नाही आलं. कारण आहे. पण ते लिहायला हात धजत नाही. उद्या.

१८ ऑक्टोबर

लिहिते. या वहीशिवाय सांगणार कोणाला!

मला परत आलं आहे.

पाळी जाऊन दहा वर्षं तरी झाली. पोळ्याच्या दिवशी बैलांना ओवाळून आत आले आणि डाग दिसला. आधी नवल वाटलं — भीती नंतर. हा देह आपलं वय विसरला की काय! केस पांढरे, गुडघे कुरकुरतात, नात सातवीत, आणि आत कुठंतरी कोणीतरी अजून दिवस मोजत बसलंय! मग थांबलं. मग परत आलं. दसऱ्याला जास्त.

शाळेत सिस्टर म्हणायच्या, आश्चर्य वाटणं ही अर्धी प्रार्थना असते. तेव्हा अर्थ कळला नव्हता. बाकीची अर्धी कोणती, ते त्यांनी सांगितलंच नाही.

जुनं पातळ फाडून घड्या केल्या. पूनमच्या कपाटात पॅडचं पाकीट असतं, पण सुनेकडे या वयात काय म्हणून मागायचं?

२० ऑक्टोबर

आता पंचाईत.

कापूस फुटला आहे. पहिल्या वेचणीआधी सीतादही करायची असते. पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडाच्या बुडाशी सात खडे मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, तोच दहीभात चारी दिशांना शिंपडायचा. मग पहिलं बोंड त्या खड्यांवर ठेवायचं, आणि मगच बायांनी झोळ्या बांधायच्या. आमच्या घरची रीत अशी की ती करायची विटाळ सुटलेल्या बाईनं. पाळी गेलेल्या. बाकीच्यांची सावली पडली तर बोंडं काळी पडतात म्हणे.

सासूबाई गेल्यापासून मोठ्याबाईच करतात. आणि गेली तीन वर्षं तर कापूस असा फुटतोय की शिवारात दुसऱ्या कोणाचा नाही! सगळे म्हणतात, मोठ्याबाईंच्या हाताला गुण आहे.

तर आज त्याच मला म्हणाल्या, "औंदा तू कर. माहे गुडघे दुखून राह्यले."

मी म्हटलं, "नको बाई. तुमच्याच हाताला गुण आहे."

"हात कोनाचाबी चालते."

"माझी कंबर धरली आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुपाकडे पाहिलं.

२२ ऑक्टोबर

अजून झाली नाही. यांचा आवाज चढला. "घरात दोन-दोन म्हाताऱ्या, अन् सीतादहीले एकीलेबी सवड नाई! आभाळ भरून आलं त कोन जबाबदार?"

मोठ्याबाई म्हणाल्या, "भाऊजी, गुडघे."

मी म्हटलं, "कंबर."

हे तणतणत गोठ्याकडे गेले.

२३ ऑक्टोबर

वेचायला आलेल्या बाया आज अंगणातूनच परत जायला निघाल्या. बायांची टोळी भागाबाईची. आमच्या सासूबाईंच्या काळात ती आईबरोबर पोर म्हणून यायची. आता तिलाच नातवंडं आहेत. तोंडाची फटकळ. ओट्यावर बसून तंबाखू मळत ती म्हणाली, "काऊन व, मोठ्या बाई म्हनतेत गुडघे, धाकल्या बाई म्हनतेत कंबर. पयल्यावानी दोघीबी एकदमच बाहेर बसल्या का काय!"

बाया खिदळल्या. पूनमही हसली. हेसुद्धा मिशीत हसले.

आम्ही दोघीच हसलो नाही. आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

२४ ऑक्टोबर

सकाळी मी धार काढत होते. मोठ्याबाई येऊन म्हशीपाशी उभ्या राहिल्या. बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"लक्ष्मे, खरं सांग."

"बाई, मला परत आलंय."

धार चरवीत वाजत होती. त्या म्हणाल्या, "मलेबी."

माझा हातच थांबला. म्हैस मान वळवून पाहायला लागली. चाळीस वर्षं उलटून गेली, आणि आम्ही पुन्हा एकाच वेळी! कुठला धागा असेल हा? कोणी ओवला असेल? मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी हुबेहूब सासूबाईंचा आवाज काढला. "दोघीबी एकदमच बाहेर! आता मी काय करू व माय!" आणि आम्ही दोघी तिथंच, शेणात पाय, तोंडात पदर — डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

कॅन घेऊन पूनम आली. "काय झालं आई?" मोठ्याबाईंनीच सांगून टाकलं. त्यांना वाटलं, तीही हसेल.

पूनम हसली नाही. कॅन खाली ठेवून म्हणाली, "आई, हे परत येणं नाही. एकदा गेली की गेली. हे दुसरं काहीतरी आहे. तुमचं कधीपासून?"

"पोळ्यापासून."

"मोठ्या आई, तुमचं?"

"हेच... दसऱ्यापासून."

"आजच जाऊ आदिलाबादला."

"सीतादही झाल्याबिगर मी घराबाहेर पाय ठेवत नाई," मोठ्याबाई म्हणाल्या.

आता मला एकेक दिसायला लागलं. त्या दोनदा आंघोळ का करतात. पाटावर एका अंगावर का बसतात. डावा पाय सुजलाय तो. इतके दिवस मी गुडघेच समजत होते.

२५ ऑक्टोबर

सीतादही झाली. केली कोणी? यांनी!

काल पूनमनं यांना काय सांगितलं कोण जाणे. सकाळी उठून स्वतः भात लावला, स्वतः दही कालवलं, मीठ विसरले. सात खड्यांची पुरचुंडी मोठ्याबाईंकडून मागून घेतली आणि वावरात गेले. आम्ही दोघी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर थांबलो. पुन्हा बाहेर! पण तिथून सगळं दिसत होतं. लांबवर पसरलेलं पांढरं वावर, दव अजून वाळलेलं नाही, आणि मधोमध उकिडवे बसलेले हे.

भागाबाई ओरडली, "मालक, पदर घ्या डोक्यावर! बिनापदराची सीतादही होत असते का?"

यांनी खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेतला. खरंच घेतला! वयाची सत्तरी आली, या माणसाला मी कधी देवासमोर वाकलेलं पाहिलं नाही. मांडताना एक खडा घरंगळला, तो शोधायला सगळ्या बाया वाकल्या. मग दहीभात शिंपडला — अर्धा स्वतःच्याच अंगावर.

मोठ्याबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "पाह्य व. त्यानं आपल्यासाठी केलं."

त्यांचा हात माझ्या हातात होता. गरम लागला.

२८ ऑक्टोबर

आदिलाबाद. बाई डॉक्टर. तेलुगू, मराठी तोडकीमोडकी, पण माया असलेली. "एन्नि रोजुल नुंची, अम्मा?" किती दिवसांपासून? शाळेतलं तेलुगू कामी आलं.

आधी मी. काळोख्या खोलीत त्यांनी माझं आतलं मला दाखवलं! पडद्यावर करडं धुकं, त्यात हलणाऱ्या सावल्या. "हे गर्भाशय. हे आतलं अस्तर. जाड झालंय. या वयात पातळ पाहिजे." मी बघतच राहिले. आयुष्यभर बाळगलेली वस्तू, आणि ओळख आज! वैभव इथंच होता. त्याच्या आधीचं, जे तिसऱ्या महिन्यात गेलं, तेही इथंच. डॉक्टर म्हणाल्या, "उलट्या पेरूसारखं असतं, अम्मा." मी म्हटलं, "पेरूसारखं नाही, मिटलेल्या बोंडासारखं आहे." त्यांनी परत पडद्याकडे पाहिलं. "तुम्ही बेला गावच्या ना, कापसाच्या मुलखातल्या! बरोबर आहे."

मग मोठ्याबाई. मी बाहेर थांबले. खूप वेळ लागला. दार उघडलं तेव्हा डॉक्टर हातमोजे काढत होत्या, चेहरा बदललेला.

"मावशी, कधीपासून आहे हे?"

"दसऱ्यापासून."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणत्या सालचा दसरा, मावशी?"

मोठ्याबाई हसल्या. पदर सारखा करत उठल्या. डॉक्टर कागदावर लिहायला लागल्या.

दोघींचे तुकडे तपासायला गेले.

२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. दोघी पाटावर बसून चकल्या पाडल्या. विटाळाचं नाव कोणी काढलं नाही.

९ नोव्हेंबर

दोघींनाही कॅन्सर.

१० नोव्हेंबर

काल एकच ओळ लिहून वही मिटली. आज नीट लिहिते.

माझा आतल्या अस्तराचा. लवकर सापडला म्हणाल्या. गर्भाशय काढून टाकलं की बहुतेक पुढं काही करावं लागणार नाही. मोठ्याबाईंचा तोंडाशी — गर्भाशयाच्या तोंडाशी. तो आजूबाजूला पसरलाय. त्यांचं ऑपरेशन होत नाही, किरणांचा शेक द्यायचा. दोघींना नागपूरला जायचं.

एकाच घरच्या, एका चुलीच्या, एकाच वेळी बाहेर बसणाऱ्या आम्ही दोघी. त्यांचा तोंडाशी, माझा आत. याच्यात काही अर्थ आहे का, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही अम्मा. दोन वेगळे आजार आहेत. योगायोग." असेल. पण योगायोगासमोरही हात जोडावेसे वाटतात.

मोठ्याबाईंना पूनमनं सगळं सोपं करून सांगितलं. त्यांनी विचारलं, "लक्ष्मीचा निंगते ना? मग झालं." आणि उठून म्हशीला पेंड घालायला गेल्या.

मला रडू आलं ते त्यानंतर.

५ डिसेंबर

नागपूर. उद्या ऑपरेशन. मोठ्याबाई हट्टानं आल्या. त्यांचा शेक अजून सुरू व्हायचा आहे, दम लागतो, तरी आल्या. वैभव म्हणाला, "मोठीआई, तू घरी थांब." तर म्हणाल्या, "तू झाला तवाबी मीच होती दाराशी. आता तू ज्यात होता तेच निंगते, त कायले चुकवू?"

११ डिसेंबर

आता कुठं बसून लिहिता येतंय.

भूल देताना डॉक्टरांनी आकडे मोजायला सांगितले. मी मराठीत सुरुवात केली, मधेच इंग्रजी झालं. बस, मग काही नाही. झोपही नाही. नुसतं नाही! डोळे उघडले तर संध्याकाळ. त्या नाहीपणात मला कोणी सांभाळलं, हे मी रोज विचारते.

मला ते पाहायचं होतं. ऑपरेशनआधीच सांगून ठेवलं होतं. पण शुद्धीवर आले तोवर बरणीतून तपासायला गेलंही. हिरमुसले. मग कळलं की या दवाखान्यात रीतच आहे. काढलं की नातेवाइकांना बोलावून दाखवतात. डॉक्टर स्टीलच्या ट्रेवरचं फडकं बाजूला करून म्हणाले, "लक्ष्मीबाईंचे नातेवाईक!" वैभव पुढं झाला. हे मागंच राहिले, भिंतीकडे तोंड करून. आणि मोठ्याबाई सगळ्यांना ढकलून पुढं!

मोठ्याबाईंनी मला सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

"मुठीएवढं व. एवढंसंच! तू म्हनली होती ना, तसंच, न फुटलेलं बोंड. म्या हात जोडले. तो डॉक्टर हसला. म्हनलं, हस बापा, तूबी अशाच बोंडातून फुटला."

"मग?"

"मग त्याचं हसू गेलं. त्यानं ट्रे थोडा खाली केला. मले नीट दिसावं म्हनून."

आज माझे पाय दाबताना वैभव एकदम म्हणाला, "आई, मी त्यात मावलो कसा?" अडतीस वर्षांचा माणूस, खताचं दुकान चालवतो, मिशीत दोन पांढरे केस. मी म्हटलं, "मलाही माहीत नाही रे." खरंच नाही माहीत. मी केलं काहीच नव्हतं. मी धुणी धूत होते, भाकरी थापत होते, आणि मुठीएवढी जागा आपोआप मोठी होत होती.

अर्धी प्रार्थना कसली, सिस्टर! ही पूर्ण आहे.

२६ डिसेंबर

माझा रिपोर्ट आला. बाहेर कुठंही गेलेला नाही. फक्त तपासत राहायचं. हे देवळात गेले. हे!

९ जानेवारी २०२५

मोठ्याबाईंचा शेक सुरू झाला. दवाखान्याजवळ खोली घेतली आहे. मी जड उचलायचं नाही, त्यांनी जास्त चालायचं नाही. एक भाकरी थापते, दुसरी शेकते. पूनम घर सांभाळते, सुट्टीच्या दिवशी येते.

त्यांच्या पोटावर निळ्या शाईनं फुल्या काढल्या आहेत. पुसायच्या नाहीत. आंघोळीच्या वेळी त्या म्हणाल्या, "माह्या पोटावर काय लिहिलं व त्यायनं? वाच."

"काही लिहिलं नाही बाई. खुणा आहेत. किरण कुठं सोडायचे त्याच्या."

"म्हनजे धुऱ्याचे दगड."

"हो."

"मग ठीक. माही जमीन मोजून राह्यले."

१६ जानेवारी

आज मला काचेतून आत पाहू दिलं. भलं मोठं यंत्र, आणि खाली आमच्या एवढ्याशा मोठ्याबाई. सगळे बाहेर येतात, जाड दार लागतं, त्या एकट्या. यंत्र त्यांच्याभोवती सावकाश फिरतं, प्रदक्षिणा घालावी तसं. हात लावत नाही. उजेड दिसत नाही. तरी आत काहीतरी जाळतं.

बाहेर आल्यावर विचारलं, काय वाटलं?

"काईच नाई. दिसत नाई, आयकू येत नाई, दुखत नाई. देवबी असाच असंन."

मी बाकावर बसून विचार करत होते. ते किरण जिथं जातात तिथं तीन बाळं होती. तिन्ही जन्मली, एकही राहिलं नाही. तिसरं गेलं त्याच आठवड्यात वैभव झाला, आणि मला ताप भरला. अंगात इतका ताप की मी बाळाला जवळही घेऊ शकत नव्हते. मोठ्याबाईंनी कोणाला विचारलं नाही. त्याला उचललं, भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि पदराखाली घेतलं. रडण्याचा आवाज थांबला. माझ्या मुलाचा — आणि त्यांचाही.

त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. आजही नाही.

२ फेब्रुवारी

पूनम रंजीताला घेऊन आली होती. पोरगी दवाखान्यात मोठ्या आजीच्या खाटेवर बसून शेंगा खात होती. तपासायला आलेल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "ही कोण? कितवीत? मग हिला लस देऊन टाका. मोठ्या आजीला झाला ना, तो आजार बहुतेक होणारच नाही हिला. या वयात दोन सुया पुरतात."

मोठ्याबाई उठूनच बसल्या. "सुईनं? होयाच्या आधीच?"

"हो आजी."

"अन् कोनी आमाले सांगतलं नाई!"

पूनम म्हणाली, "मोठ्या आई, तुमच्या वेळी नव्हतीच."

"नव्हती त नव्हती. हिच्या टायमाले हाय ना!"

मग त्या कितीतरी वेळ रंजीताच्या दंडाकडे पाहत होत्या. बारीक, सावळा दंड, मनगटावर जत्रेतलं प्लॅस्टिकचं घड्याळ. पाहता पाहता डोळ्यांत तीच चमक आली, जी सागरगोटे वर गेले की यायची.

रंजीता म्हणाली, "दुखते का ते?"

"बाईच्या जातीले याच्याहून कमी कोनतंच दुखत नाई," मोठ्याबाई म्हणाल्या. "गुमान घे."

२० फेब्रुवारी

शेक संपला. गाठ थोडी बसली. पण मूत्रपिंडांना सूज आहे, आणि वर पोटातही दिसतंय. डॉक्टरांनी मला आणि वैभवला वेगळं बोलावलं. हळू बोलले. दुखणार नाही एवढं बघू. घरी न्या, त्यांना आवडेल तसं राहू द्या.

खोलीत परत आले. मी तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "चाल मग. म्हैस इयाला आली असंन."

२२ फेब्रुवारी

परतताना पैनगंगेच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. पाणी कमी होतं. मधे वाळू, वाळूत बगळे. "आपल्या कापसावानी दिसते," म्हणाल्या. बराच वेळ पाहिलं. मीही पाहिलं. मी हा पूल आयुष्यात कितीदा ओलांडला असेन! आज पहिल्यांदा दिसला.

५ मार्च

त्यांची खाट मागच्या पडवीत टाकली आहे. त्यांनीच सांगितलं. हे रोज संध्याकाळी येऊन खाटेपाशी बसतात. आज मोठ्याबाई त्यांना म्हणाल्या, "भाऊजी, पुढच्या खेपेले मीठ टाकजा दहीभातात." हे उठून बाहेर गेले.

मी जुनं रीडर शोधून काढलं. वाळवीनं कडा खाल्ल्या आहेत. वाचते. त्या डोळे मिटून ऐकतात. आज मधेच थांबले, वाटलं झोप लागली.

"थांबू नको व."

१३ मार्च

म्हैस व्याली. पारडी झाली. खाटेजवळ नेऊन दाखवली. त्यांनी तिच्या ओल्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "हेबी मावलं होतं ना कुठंतरी!"

१९ मार्च

आज माझं काही नाही. मोठ्याबाई सांगतात, मी लिहिते. त्यांच्याच शब्दांत लिहायचं, असं बजावलं आहे.

माही गळ्यातली सोन्याची एकदानी मोडा. त्यातून रंजीताले ती सुई. दोन्ही खेपा. उरलं त भागाबाईच्या नातीलेबी. तिले इचारू नका, घेऊन जा.

पारडी भागाबाईले. तिनं हसवलं नसतं त आमी अजून गुडघे अन् कंबरच सांगत असतो.

भाऊजीले माह्यं दह्याचं गाडगं. बाप्या मानसालेबी लावता आलं पाह्यजे.

वैभवले काई नाई. त्याले माह्यं पोचलं हाय.

लक्ष्मीले सागरगोटे.

सीतादहीचे सात खडे पूनमले. तिचे दिवस असो का नसो. इचारायचं नाई.

इथं माझा हात थांबला.

"थांबली काऊन? लिही. डॉक्टरीनबाईनं इचारलं होतं ना, कोनत्या सालचा दसरा? तीन सालांआधीचा. तिन्ही साल म्या बाहेर असतानाच सीतादही केली. भीत भीत केली. अन् कापूस कसा फुटला होता, तुवा पाह्यलं ना? लिही."

लिहिलं.